ह्यांच्या बुटातला साप

मंडळी, आज सकाळी दार उघडलं आणि दाराशी ठेवलेल्या ह्यांच्या बुटातून साप बाहेर आला. काळपट अंगावर पांढरे पट्टे.

"पांबू! पांबू!" शेजारच्या सेल्वीअक्का तमिळमध्ये 'साप, साप' असं किंचाळल्या. त्यांचे यजमान काठी घेऊन धावले. "मण्यार आहे, अम्मा, मागे व्हा!"

मी लांबूनच नीट पाहिलं. मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक असतात. याचे मानेपाशी ठळक होते आणि शेपटीकडे पुसट.

"मारू नका अण्णा, हा कवड्या आहे. बिनविषारी. माझ्या सापांच्या पुस्तकात आहे."

"चुकलात तर तुमचं पुस्तक येणार आहे का दवाखान्यात?"

पण काठी क्षणभर थबकली आणि तेवढ्यात साप गटाराच्या जाळीत शिरला.

मण्यारीसारखे दिसणारे कवडेच शत्रूंच्या तावडीतून जास्त वाचले, त्यांचीच पिल्लं वाढली. पिढ्यानपिढ्या असं होत ते पट्टे टिकले. आज तेच त्याच्या जिवावर उठले होते.

बूट झटकून मी परत दाराशी ठेवले. हे गेल्यापासून तिथेच असतात, घरात पुरुष आहे असं वाटावं म्हणून. तुमच्यापैकी एकट्या राहणाऱ्या बायका दाराशी काय ठेवतात?