निळी खूण

सातपूरच्या बसमध्ये माझ्या शेजारी रोज एक गृहस्थ बसतात. मोबाइलवर तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचतात आणि मांडीवर थाप मारून निकाल देतात. "घडीचा फोन म्हणे! रुमाल आहे का तो?"

परवा म्हणाले, "मेसेज वाचल्याची निळी खूण बंद ठेवणारे म्हणजे, साहेब, दाराला बाहेरून कुलूप लावून आत बसलेले!"

मी हसलो, पण असा मी स्वतःच आहे. लेकीनं माझ्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून तिच्याशी बोलणं सोडलं, तिचे मेसेज मात्र रोज चोरून वाचतो.

"ती खूण परत चालू कशी करायची हो?" मी विचारलं. त्यांनी खुशीत करून दिली. मग मी तिचा आजचा मेसेज उघडला. "बाबा, चहा झाला?"

लगेच तिचा फोन आला.

"उचला की," गृहस्थ म्हणाले, "पुढे रेंज जाते."