डॉडचा हातशिलाईचा किल्ट

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या कलन गावात एखाद्या घराचं दार आवाज न करता लागलं, तर ते माझ्या नवऱ्याने बसवलेलं आहे असं खुशाल समजावं. ही बढाई माझी नाही, त्याचीच आहे. पण खरी आहे. डॉड रेनी सुतार म्हणून चोख माणूस. गिऱ्हाइकाने भाव ऐकून भुवया वर केल्या की तो पेन्सिल कानामागे खोचायचा आणि म्हणायचा, "स्वस्तातलं पाहिजे? मग दुकानात जा. खोक्यात घालून देतात. घरी नेऊन जोडा आणि दोन हिवाळे गेले की या माझ्याकडे." खणाच्या कोपऱ्यावरचे सांधे तो मुद्दाम उघडे ठेवायचा. झाकले तर लोकांना मशीनचं काम वाटतं, म्हणायचा. हाताचं काम डोळ्यांना दिसलं पाहिजे.

या माणसाने आपला किल्ट, म्हणजे आमच्याकडे पुरुष लग्नाकार्याला नेसतात तो चुण्यांचा चौकडीचा घागरा, मात्र एडिंबरातल्या परदेशी पाहुण्यांच्या रस्त्यावरून आणला होता, जिथे तो मगांच्या आणि फ्रिजला चिकटवायच्या चित्रांच्या शेजारी टांगलेला असतो.

धाकट्या दिराचं लग्न होतं तेव्हाची ही गोष्ट. गावातल्या बहुतेक पुरुषांचे किल्ट आमच्याच गल्लीतल्या नेटी म्युरिसनने शिवलेले, आणि त्यांच्या बापांचे नेटीच्या आईने. डॉड कामासाठी एडिंबराला गेला आणि येताना पिशवी घेऊन आला. "कीथ गावच्या एका म्हाताऱ्याकडून करून घेतला," तो म्हणाला. "हातशिलाई आहे. सगळी लोकर." मलाही हेच सांगितलं. मी विश्वास ठेवला, आणि तो इस्त्री गरम होईपर्यंत टिकला. लोकरीवर इस्त्री फिरली की ओल्या मेंढीचा वास येतो. याला कंगवा जळाल्यासारखा वास आला, आणि एका चुणीच्या आतल्या अंगाला चकचकीत डाग पडला.

मी काही बोलले नाही. आमच्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं, आणि नवरा इतक्या क्षुल्लक गोष्टीत खोटं बोलतो याची मला त्याच्यापेक्षा जास्त लाज वाटली. पुढे बोलायची वेळ निघून गेली. हाताने शिवलेल्या किल्टच्या चुण्या कमरेपासून खाली वीतभर टाक्यांनी बांधलेल्या असतात. तो नेसा, नाचा, रात्री टांगून ठेवा, सकाळी चुण्या जागच्या जागी. डॉडच्या किल्टच्या चुण्या नुसत्या दाबून बसवलेल्या. एका संध्याकाळीत त्या विसरायच्या आपण चुण्या आहोत ते. प्रत्येक लग्नानंतर, प्रत्येक नववर्षानंतर मी त्या ओल्या फडक्याखाली एकेक करून पुन्हा बसवायची. आणि तो पबमध्ये कीथच्या म्हाताऱ्याला दर वेळी थोडं आणखी म्हातारं करायचा. शेवटी शेवटी त्या म्हाताऱ्याला एका डोळ्याने दिसत नव्हतं आणि तो नुसत्या बोटांनी टाके मोजायचा.

आमच्या किर्स्टीचं लग्न ठरलं तेव्हा त्या किल्टचा पट्टा शेवटच्या भोकावर आला होता.

"बाबा, नवा शिवून घ्या," किर्स्टी म्हणाली. "नेटीकडून. माझ्यासाठी." लेकीपुढे त्याचं काही चालत नाही, म्हणून आम्ही तिघं नेटीकडे गेलो. नेटी त्याच टेबलाशी काम करत होती, जे डॉडने तिला करून दिलं होतं. ओकचं, सांधे उघडे ठेवलेलं. तेव्हा त्याने सांगितलेला भाव तिने एक अक्षर न बोलता दिला होता.

"नवा कशाला?" नेटी म्हणाली. "तुझा तो कीथचा आण की. हातशिलाईच्या किल्टला आत कापड सोडलेलं असतं. दोन इंच सैल करून देते, चहाच्या पैशात होईल."

डॉडचे कान लाल झाले. त्याच्या त्या किल्टमध्ये आत सोडायला कापड कुठलं? बाहेरच जेमतेम पुरलं होतं.

"नको," तो म्हणाला. "आठवण आहे ती. तशीच असू दे."

"बरं," नेटी म्हणाली आणि मान खाली घालून टेप शोधायला लागली. टेप तिच्या गळ्यातच होता.

मग भाव निघाला. सातशे पाऊंड. डॉडने कापडाचा कोपरा चिमटीत धरला, उजेडाकडे नेला, उलटा करून पाहिला. आयुष्यभर गिऱ्हाइकं त्याच्यापुढे जे करत आली ते सगळं त्याने केलं.

"सातशे म्हणजे फार होतात नेटी."

"आठ वार लोकर आहे. चौकडीचा प्रत्येक पट्टा चुणीत मोडून पुन्हा पट्ट्यालाच मिळाला पाहिजे. मशीनला ते समजत नाही."

"एडिंबराला म्हणे शंभरात मिळतो."

"मिळतो ना," नेटी हसून म्हणाली. "खोक्यात घालून देतात."

किर्स्टी खो खो हसली. डॉड हसला नाही, पण हो म्हणाला. मग माप. किल्टचं माप गुडघ्यावर बसवून घेतात. कड जमिनीला टेकता टेकता राहिली पाहिजे. डॉडला गुडघे टेकायला जड गेलं. नेटी त्याच्याभोवती टेप घेऊन फिरत होती आणि तो समोरच्या भिंतीकडे बघत होता, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

इथे थांबला असता तरी बरं झालं असतं. पण सातशे पाऊंड मोजले म्हटल्यावर त्याला ते कुणाला तरी ऐकवायचे होते, आणि तावडीत सापडला फर्गस, आमचा होणारा जावई. मासळीच्या कारखान्यात काम करणारा साधा मुलगा. रविवारी जेवायला आला होता. डॉडने विचारलं, किल्ट कुणाकडून शिवतोयस?

"भाड्याने आणतोय, मिस्टर रेनी. घरासाठी पैसे साठवतोय ना आम्ही."

"भाड्याचा!" डॉडने काटा खाली ठेवला. "म्हणजे आधी कुणाकुणाच्या बुडाखालून आलेला असेल देव जाणे. अरे, पुरुषाने आयुष्यात एक तरी वस्तू धड घ्यावी. मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा पोटाला चिमटा काढून हातशिलाईचा घेतला होता."

फर्गस बटाट्याकडे बघत राहिला. किर्स्टी ताटलीकडे. मी उगाचच भांडी उचलून आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. मला तेव्हाच बाहेर येऊन बोलायचं होतं, पण जेवणाच्या टेबलावर, जावयासमोर, काय बोलणार? वर त्याने ठरवून टाकलं की लग्नाच्या भाषणात फर्गसच्या भाड्याच्या किल्टवर एक विनोद करायचा. तो विनोद लग्नाआधीच त्याने अर्ध्या गावाला ऐकवला.

किल्ट आणायला तो एकटाच गेला. तिथे काय झालं ते नेटीने मला नंतर सांगितलं. ती किल्ट कागदात बांधता बांधता म्हणाली, "डॉड, नेसायच्या आधी ते चुण्यांवरचे कच्चे..."

"मला काय शिकवतेस नेटी? इतकी वर्षं हातशिलाईचाच नेसतोय."

यावर ती काय बोलणार? पुढचं वाक्य बोलली असती तर त्याला तोंडावर खोटं पाडल्यासारखं झालं असतं. तिने गाठ मारली आणि पुडकं त्याच्या हातात दिलं. तिला वाटलं, घरी इशबेल, म्हणजे मी, बघेनच.

इशबेलने बघितलं नाही. त्याने तो आपल्या सुतारकामाच्या खोलीतल्या कपाटात टांगला आणि कुलूप लावलं. धूळ बसेल म्हणे. मीही हट्टाने विचारलं नाही.

लग्नाच्या दिवशी मी सकाळपासून किर्स्टीबरोबर हॉटेलात होते. तिला तयार करून पुढे चर्चमध्ये आले आणि पहिल्या बाकावर बसले. बॅगपाइपवाल्याने सूर धरला, सगळे उठले, आणि मागून बापलेक यायला लागले. मी वळून पाहिलं. किर्स्टी सुरेख दिसत होती. डॉड तर असा चालत होता, जणू चर्चचं छप्पर त्यानेच घातलंय. पण ते जसजसे पुढे येत होते तसतशी त्यांच्या मागच्या बाकांवर काहीतरी हालचाल होत होती. कुणी खोकलं. मासळीची गाडी चालवणाऱ्या वॉटीने तोंडावर रुमाल धरला.

ते माझ्यापुढून गेले आणि मला त्याची पाठ दिसली.

नव्या किल्टच्या चुण्या घडीत राहाव्यात म्हणून शिवणारी बाई त्यांच्यावर आडवा कच्चा दोरा घालून देते. लांब लांब टाके, पांढरे, म्हणजे काढताना सापडावेत. पहिल्यांदा नेसायच्या आधी ते उसवून टाकायचे असतात. ज्याच्याकडे कधी खरा किल्ट आला आहे त्याला हे सांगावं लागत नाही. डॉडच्या पाठीमागे हिरव्या-निळ्या चौकडीवर त्या पांढऱ्या टाक्यांच्या रांगा कुंपणासारख्या उभ्या होत्या.

किर्स्टीचा हात फर्गसच्या हातात देऊन तो माझ्याशेजारी येऊन बसला. चेहरा फुललेला.

"कसा दिसतोय?" कुजबुजला.

"डॉड, मागे दोरा तसाच राहिलाय."

"अगं, तो हातशिलाईचा आहे. दिसतोय ना? तो दिसायलाच पाहिजे."

"तो काढायचा असतो, डॉड."

आधी त्याला कळलं नाही. मग हळूहळू कळलं, आणि नुसतं दोऱ्याचंच कळलं असं नाही. मागच्या प्रत्येक बाकावर काय वाचलं गेलं तेही कळलं. त्याच्या मानेवर लाली चढली ती कपाळापर्यंत गेली आणि मग एकदम उतरली. मला इतकी लाज वाटली की स्वतःच्या हातमोज्यांकडे बघवेना.

तेवढ्यात पाद्रीबाईंनी स्तोत्राला उठायला सांगितलं. सगळं चर्च उठलं. डॉड बसून राहिला.

"ऊठ."

"नाही उठणार."

"डॉड, लेकीचं लग्न आहे."

"बसल्यावर दिसत नाही ते," तो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला.

गाणं सुरू झालं. पहिल्या बाकावर वधूचा बाप एकटा बसलेला. किर्स्टीने मागे वळून पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. बापाला काही झालं असं वाटलं तिला. तिने फर्गसचा हात सोडला आणि पाऊल उचललं. ती तिथून निघणार, एवढ्यात डॉड उभा राहिला. ताठ. स्तोत्राचं पुस्तक त्याने पाठीमागे धरलं होतं. तेवढ्या पुस्तकाने काय झाकणार? पण पुस्तक पाठीशी, म्हणून शब्द समोर नाहीत, आणि तरी तो गात होता. त्याला फक्त पहिलंच कडवं येतं. तेच त्याने शेवटपर्यंत म्हटलं.

नंतर मागच्या छोट्या खोलीत नेटी पर्समधली कात्री घेऊन आली. या वेळी गुडघ्यावर ती होती. एकेक टाका तोडून ओढत होती.

"सांगायचंस की," डॉड भिंतीला म्हणाला.

"सांगत होते," नेटी म्हणाली.

दोरा निघाला आणि चुण्या सुटल्या. काय सुरेख काम होतं ते! प्रत्येक पट्टा पट्ट्याला मिळालेला. डॉडने हात मागे नेऊन त्या बोटांनी चाचपल्या, दाराची कड चाचपतो तशा, आणि हात काढून घेतला.

जेवणाला भाषणाची वेळ आली. तो विनोद सगळ्यांना माहीत होता, त्यामुळे सगळे ताटल्यांकडे बघत होते. फर्गसने तर हसायची तयारीही केली होती बिचाऱ्याने. डॉड उठला.

"फर्गसच्या किल्टवर मी बोलणार होतो," तो म्हणाला. "बोलायची माझी लायकी नाही. मी इतकी वर्षं जो मिरवला तो एडिंबराच्या रस्त्यावरचा होता. कीथचा म्हातारा कुणी नव्हता. हा जो अंगावर आहे तो माझा पहिलाच. तुम्ही चर्चमध्ये पाहिलंतच. फर्गस, तू निदान भाड्याचा आहे असं सांगितलंस. माझी लेक शहाणी आहे." आणि ग्लास उचलायचाच विसरून तो खाली बसला.

मला वाटलं होतं आता कुजबुज होईल. कुणी 'काय सांगतोस!' म्हणेल. कुणीच तसं म्हटलं नाही. वॉटी म्हणाला, "बरं झालं, बोललास. आता सूप गिळ, निवतंय." लोकांनी चमचे उचलले. फर्गसने येऊन सासऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. डॉड चमचा हातात धरून एकेका चेहऱ्याकडे बघत राहिला. नाच सुरू झाला तेव्हा नेटी त्याला उठवायला आली, पण तो उठला नाही.

जूनचा महिना, त्यामुळे परत निघालो तरी उजेड होता. आम्ही बंदराच्या कडेने चालत होतो. त्याच्या नव्या चुण्या प्रत्येक पावलाला उघडत होत्या, मिटत होत्या.

"कुणालाच नवल वाटलं नाही," तो म्हणाला.

"नाही."

"वॉटीला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तुझ्या भावाच्या लग्नात तू पहिल्यांदा नाचलास तेव्हापासून. चौकडी जुळत नव्हती, डॉड. लांबून दिसायचं."

"मग तो त्या म्हाताऱ्याबद्दल दर वेळी विचारायचा का? डोळा कसा आहे म्हणून?"

डॉड थांबला. समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

"पाद्रीबाईंनाही?"

"त्यांनाही."

"किर्स्टीला?"

"लहानपणापासून."

एवढी वर्षं सगळं गाव गंभीर चेहरा करून त्याचं ऐकून घेत होतं. चर्चमध्ये उठला तेव्हाही त्याचा चेहरा इतका पडलेला नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं, पण नजर हनुवटीच्या वर आली नाही.

"आणि तुला?"

"मी त्याला इस्त्री करायची, डॉड."