काठीनं तपासलेला गुडघा

डॉक्टरनं माझ्या मायच्या गुडघ्याला काठी टोचली.

हातात धरून फिरायला जातात तशी काठी, पितळी टोकाची. तो दवाखान्याच्या ओट्यावर खुर्चीत बसला होता. आम्ही खाली, पायऱ्यांच्या अलीकडे. महारवाड्यातल्या माणसानं तिथंच थांबायचं, हे कुणी सांगावं लागत नव्हतं. मायनं लुगडं वर सरकवलं. गुडघा सुजून वाटोळा झालेला. डॉक्टरनं खुर्चीतूनच काठी पुढे केली आणि टोकानं दाबलं. एकदा इकडून, एकदा तिकडून. माय किंचाळली.

"ओरडू नकोस. पाणी आहे की गाठ, ते बघतोय."

त्याला म्हणे काठीतून कळत होतं. माय हात जोडून म्हणाली, "साहेब, मालकाले येवढं सांगा का मी खरंच बिमार हाय."

आम्ही त्यासाठीच आलो होतो. औषधासाठी नंतर. माय मालकाच्या शेतात कपाशी वेचायची. सकाळी तिची बोटं मिटलेली असायची, उघडायचीच नाहीत. बोंडातला कापूस चिमटीत धरता यायचा नाही. दिवस डोक्यावर आला की बोटं सैल व्हायची आणि ती इतर बायांच्या बरोबरीनं वेचायची. मालक सगळ्यांदेखत म्हणाला होता, "सकाळी बोटं मिटते अन् दुपारी उघडते? असा कुठी रोग असते का? नाटकं करून राह्यली ही." आणि तिला कामावरून काढलं होतं.

मायनं हे सगळं सांगितलं तसा डॉक्टर हसला. "सकाळी दुखतं, दुपारी राहतं. बाई, याला रोग नाही, आळस म्हणतात."

कंपाउंडरनं ओट्यावरूनच आमच्या बाटलीत लाल औषध ओतलं. निम्मं मातीत गेलं. परत आमच्या गावाकडं, रिठदला येताना माय वाटेत पुन्हा पुन्हा बसत होती. मी तेव्हा मराठी चौथीत. रडलो नाही. मला आधी त्या काठीचा राग आला, माणसाचा नंतर. मायला म्हणालो, मी डागदर होतो. ती म्हणाली, "आधी पानी आन."

पुढची शाळा, मागचा कोपरा, वरून ओतलेलं पाणी, हे सगळं आमच्या सगळ्यांनीच भोगलंय. मी ते पुन्हा उगाळत बसत नाही. शिष्यवृत्ती मिळाली, वाशीमहून अकोल्याची गाडी धरली, तिथून नागपूर. डॉक्टरीच्या शाळेत पोचलो, एवढं पुरे.

एके दिवशी वर्गात सांध्यांचा विषय निघाला. शिकवणारे मोठे डॉक्टर म्हणाले, एक संधिवात असा आहे की त्यात बोटांचे सांधे सकाळी आखडतात आणि दिवस चढला की सैल होतात. हीच त्या रोगाची मोठी खूण.

माझा हात लिहिता लिहिता थांबला. संताप आला. बाकावर उभं राहून ओरडावंसं वाटलं, की माझी माय आळशी नव्हती! सगळा वर्ग खाली मान घालून लिहीत होता. त्यांना ती एक ओळ होती.

ते पुढे म्हणाले, हात लावल्याशिवाय सांधा कळत नाही. उलट्या हातानं ऊब पाहायची. बोटांनी दोन्हीकडून दाबून आत पाणी हलतंय का पाहायचं. तास संपल्यावर मी त्यांच्या मागे गेलो. म्हणालो, "सर, मला सांध्यांचाच डॉक्टर व्हायचंय."

ते थांबले. "असा वेगळा डॉक्टर नसतो. या दुखण्यानं माणूस मरत नाही, म्हणून कुणाला घाई नाही. इंग्रजांची लढाई चालू आहे, पास हो, फौजेत डॉक्टर म्हणून लगेच घेतील."

"मग सांध्यांचा पहिला मी होतो, सर."

"आधी पास हो."

सुट्टीत घरी आलो. डोक्यात तेच भरलेलं. आल्या आल्या म्हणालो, "माय, गुडघा दाखव."

ती भिंतीला धरून उठली. आत गेली. कोपऱ्यातली तिची काठी घेऊन आली. टेकायचं टोक पदरानं स्वच्छ पुसलं आणि काठी माझ्या हातात दिली. मग मागे सरकत सरकत उंबऱ्यापाशी जाऊन बसली. लुगडं वर घेतलं. डोळे मिटले, दात आवळले.

"घे. पाह्य. पन हळू टोच."

मला आधी उमगलंच नाही. मग उमगलं. डॉक्टर असंच पाहतात, असं तिला वाटत होतं. तिला आयुष्यात एकाच डॉक्टरनं पाहिलं होतं. पोटच्या पोरापासून ती लांब सरकून बसली होती, का, तर पोरगा डॉक्टर होतोय.

मी काठी फेकली. जवळ जाऊन हात पुढे केला तर तिनं पाय आवरून घेतला.

"हात कायले लावतं? तू डागदर होऊन राह्यला ना? डागदर लोक हात लावत नाईत."

काही केल्या तिनं हात लावू दिला नाही. मी परसात जाऊन रडलो. शाळेत कुणी हाकललं तेव्हा एवढं रडलो नव्हतो.

मग गेल्या वेळची परीक्षा. खाटेवरचा एक रोगी तपासायचा आणि काय सापडलं ते परीक्षकाला सांगायचं. माझ्या वाट्याला गुडघाच आला. मला बरं वाटलं. रोगी एक पाटील होते, नेमके आमच्या वाशीमकडचे. मी दोन शब्द बोललो आणि त्यांनी बोली ओळखली.

"कुठचा रे तू?"

"रिठदकडचा."

"घर गावात का गावाबाहेर?"

"गावाबाहेर."

त्यांनी पाय चादरीखाली ओढला. दुखत असूनही झटक्यात ओढला. परीक्षक आले तसे पाटील म्हणाले, "साहेब, हा मले शिवनार नाई. पाह्याचंच असंल तं यावरून पाहू द्या." आणि उशाखालून रेशमी वस्त्र काढून गुडघ्यावर टाकलं. रेशमातून विटाळ जात नाही म्हणे. वस्त्र घडी घालून तयारच होतं. म्हणजे इथं हे चालत आलं होतं.

परीक्षक घड्याळ पाहत म्हणाले, "ठीक आहे, कापडावरून तपास. पुढचा मुलगा खोळंबलाय."

तपासता आलं असतं. रोग काय होता ते मला पाय ओढण्याआधी दिसलेल्या सुजेवरूनच कळलं होतं. चार वाक्यं बोललो असतो तर पास झालो असतो. पण मला उंबऱ्यापाशी डोळे मिटून बसलेली माय दिसली. ती काठी लाकडाची होती, ही रेशमाची. एवढाच फरक.

"सर, कापडातून ऊब कळत नाही. पाणी कळत नाही. हे इथंच शिकलो."

"मग?"

"हात लावीन. नाहीतर तपासणार नाही."

"नापास होशील. शिष्यवृत्ती जाईल."

"जाऊ द्या."

भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण मी शब्द मागे घेतला नाही. पाटील छताकडे पाहत राहिले. कुणी त्यांना एक शब्द बोललं नाही. मी नापास झालो.

घरी येऊन सांगितलं. माय कडाडली. "कापडावरून पाह्यलं असतं तं तुहा हात झिजला असता? येवढा शिकला अन् सारं पान्यात घातलं!"

मी तिच्यासमोर बसलो आणि तिचा गुडघा दोन्ही हातांत धरला. तिनं ओढून घेतला. मी पुन्हा धरला आणि सोडला नाही. उलटा हात ठेवला. चटका बसावा इतका गरम. बोटांनी दाबलं, आत पाणी हललं. ती ताठ बसून होती. मग हळूच म्हणाली, "गरम हाय का?"

"हाय, माय. रोगच हाय हा. सकाळी आखडते तोही रोगच हाय."

ती म्हणाली, "असं होय? मले वाटे मालक म्हन्ते तेच खरं. मीच नाटकं करतो."

इतकी वर्षं. बोटं वाकडी झाली, गुडघे गेले, आणि ही बाई मनात स्वतःलाच खोटी म्हणत होती. मी त्या दिवशी तिला धीर दिला नाही. तिची बोटं आता सरळ होणार नाहीत, हे मला माहीत आहे. तिलाही मी तसंच सांगितलं.

शिष्यवृत्ती बंद झाली आहे. नागपुरात एका औषधाच्या दुकानात बाटल्या धुतो आणि उरलेल्या वेळात वाचतो. येत्या परीक्षेला पुन्हा बसतोय. पुन्हा कुणी रेशीम पुढे केलं तर पुन्हा नापास होईन आणि त्यानंतर पुन्हा बसेन. फौजेत जाणार नाही. मी सांध्यांचाच डॉक्टर होणार, आणि त्याच दवाखान्याच्या त्याच ओट्यावर बसणार. पायऱ्यांच्या अलीकडे कुणाला उभं राहू देणार नाही. पाटील आले तरी याच हातांनी तपासीन. चालत नसेल, तर गुडघा घेऊन घरी जा म्हणेन.