प्रॅक्टिस आणि लॅब

न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या मनुरेवा भागातल्या शाळेत मी सॉफ्टबॉल टीमची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, होते. पुण्याहून आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि या खेळाचं नावही ऐकलेलं नव्हतं. हात खांद्यातून गोल फिरवून चेंडू कमरेखालून जोरात सोडायचा, एवढं मला चांगलं जमायचं. संध्याकाळी बाबा ग्लव्ह घालून मागच्या अंगणात उकिडवे बसायचे आणि मी त्यांच्याकडे चेंडू टाकायचे.

शाळेच्या शेवटच्या वर्षी, २०१४ मध्ये, आमच्या कोचने माझे व्हिडिओ अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजला पाठवले. तिथल्या कोचचा शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉल आला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेताने भिंतीपाशी उभे होते. कॉलेज स्कॉलरशिप द्यायला तयार होतं. मला सिव्हिल इंजिनियरिंग करायचं होतं, ते जमेल का, असं मी विचारलं. माणूस सरळ होता. लॅब दुपारी असते आणि प्रॅक्टिसही दुपारीच, असं त्यांनी सांगितलं. बहुतेक मुली दुसरा विषय घेतात. इंजिनियरिंग घेतलेली एक होती, ती दुसऱ्या वर्षी टीम सोडून गेली.

हे ऐकून वाईट वाटायला हवं होतं. मला हायसं वाटलं; नाही म्हणायला कारण मिळालं.

बाबांना मात्र मी जावं असं वाटत होतं. ते स्वतः इंजिनियर. इंजिनियर काय, नंतरही होता येतं, असं त्यांचं म्हणणं. आई एवढंच म्हणाली, "आमच्या तोंडाकडे बघून ठरवू नकोस."

दोन आठवड्यांनी मी नकार कळवला. बाबांनी मेल वाचली, स्पेलिंगची एक चूक दाखवली आणि गाडी धुवायला गेले.

माझे चेंडू झेलणारी, आमच्या टीमची कॅचर, दोन गल्ल्या सोडून राहायची. तिला मी कोपऱ्यावरच्या डेअरीबाहेर सांगितलं; इथे किराणा दुकानाला डेअरी म्हणतात. खिमा भरलेली पेस्ट्री खाता खाता ती थांबली.

"मग ते मला घेतील का?" तिने विचारलं.

मला हे सुचलंच नव्हतं. मी तिला त्या अमेरिकेतल्या कोचचा मेल आयडी दिला. तिने लिहिलं, उत्तर आलं नाही. पुढे ती विमानतळावर कामाला लागली आणि क्लबकडून खेळत राहिली. मी इथल्याच युनिव्हर्सिटीत सिव्हिल इंजिनियरिंगला गेले आणि पहिलं वर्ष तिच्याबरोबर क्लबकडून खेळले. दुसऱ्या वर्षी लॅब नेमकी प्रॅक्टिसच्या दिवशी आली, आणि मी खेळणं सोडलं. सोडतेय असं कुणाला सांगितलंही नाही. जायची बंद झाले.

तिसऱ्या वर्षी मी एका विषयात नापास झाले. बाबा आता ऐकवणार, असं धरूनच मी जेवायला बसले. त्यांनी मला आमटी वाढली.

"तू तिकडे गेली असतीस तर मला इथे करमलं नसतं," ते म्हणाले.

फेब्रुवारीत नवं सत्र सुरू झालं आणि मी तो विषय पुन्हा घेतला.