परातीतले फ्यूज

शासनसंस्था का निर्माण झाली, हे मी अमरावतीच्या एका शाळेत नोकरीभर शिकवलं. प्रश्न चार गुणांचा असे, म्हणून उत्तरही चार मुद्द्यांचं असे. माणसं नदीकाठी आली, शेती करू लागली, पाण्यावरून भांडणं झाली, मग ती मिटवायला त्यांनी आपल्यातल्या एकाला प्रमुख नेमलं. मुलं घडाघडा लिहीत आणि मी बरोबरच्या खुणा करत जाई. त्या प्रमुखाच्या स्वतःच्या शेताला पाणी किती मिळालं, हे कुणी कधी विचारलं नाही. मीही तो विषय काढला नाही, कारण पुस्तकात नव्हता.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं अकोल्याला राहायला आलो. ह्यांनी फार पूर्वी तिथल्या एका लेआउटमध्ये प्लॉट घेऊन ठेवला होता आणि तो स्वस्तात मिळाला याचा त्यांना कोण अभिमान. स्वस्त का, ते राहायला आल्यावर कळलं. पाण्याची लाइन गल्लीत जिथून शिरते तिथे पहिलं घर, आणि जिथे ती संपते, नाल्याच्या काठावर, तिथे आमचं. वऱ्हाडात पाणी येत नाही, नळ येतात. उन्हाळ्यात आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येत, आणि तेसुद्धा वरच्या घरांकडे. आमच्यापर्यंत नुसती बातमी पोचे.

त्याच वर्षी ह्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. डॉक्टरांनी मला बजावलं, अंथरूण रोज बदला, पाठ ओली राहू देऊ नका, एकदा जखम झाली की ती भरणार नाही. रोज चादरी धुवायच्या तर पाणी हवं. बोअरचं होतं, पण हा पट्टा खाऱ्या पाण्याचा. त्या पाण्यात धुतलेली चादर वाळली की पापडासारखी ताठ होते, आणि ह्यांची पाठ त्यावर लाल व्हायला लागली होती. मला गोडं पाणी हवं होतं. त्यापलीकडे त्या दिवसांत मला जगाकडून काहीच नको होतं.

गल्लीत मात्र तेव्हा आदिमानवाचा काळ चालू होता. पहिल्या घरातल्या साहेबांनी नळाला टिल्लू पंप लावला, म्हणजे लाइनमधलं पाणी सरळ ओढून घेणारी छोटी मोटर. साहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, तेव्हा पाण्यावर आपला हक्क जास्त असं त्यांना मनापासून वाटत असावं. दुसऱ्या घरानं केवळ न्यायाच्या भावनेतून पंप आणला. तिसऱ्यानं स्वसंरक्षणासाठी आणला. बघता बघता नळ आले की सगळी गल्ली घुंघुं करू लागली. शेवटी मीही पंप आणला. पण शेवटच्या घराच्या पंपाला ओढायला काही उरतच नाही. आमचा पंप तासभर हवा पीत राहिला आणि जळाला.

मग बुद्धविहारात बैठक झाली, कारण लेआउटमधली तेवढीच एक मोठी खोली. दारात चपलांचा ढीग, आत सतरंजीवर आम्ही. मी सवयीनं बोलायला उठले आणि परस्पर विश्वास, सहकार्य, नागरिकांचं कर्तव्य वगैरे सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. वर्गातही असंच ऐकत. उद्यापासून कुणी पंप लावणार नाही असं ठरलं, हात वर झाले, चहा झाला. पुढच्या नळाला पंप लागले ते फक्त दारं बंद करून. प्रत्येकाला खात्री होती की बाकीचे लावणारच.

दुसऱ्या बैठकीत कंट्रोलर काका उठले. हे एसटीतून निवृत्त झालेले. अमरावतीच्या स्टँडवर त्यांची शिट्टी वाजल्याशिवाय चिखलदऱ्याची गाडी हलत नसे, असं ते सांगत, आणि त्यांच्याकडे बघून ते खरं वाटे. घर गल्लीच्या मधोमध.

"विश्वासाचं नका सांगू मले, मॅडम," ते म्हणाले. "नळ आले का ज्याची त्याची फ्यूज काढून माह्यापाशी आनून द्या. नळ गेले का घेऊन जा. लाइटच नाई तं पंप चालते कायनं?"

आमच्या जुन्या मीटरांखाली चिनीमातीचे पांढरे फ्यूज होते. ते ओढून काढले की घरातली वीज गेली. एकेकानं मान डोलावली. दुसऱ्याचा पंप बंद पडणार असेल तर आपलाही बंद ठेवायला लोक तयार असतात, हे मला पाठ्यपुस्तकानं कधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या नळाच्या दिवशी काकांनी दारात खुर्ची टाकली, समोर स्टुलावर कणकेची परात ठेवली आणि शिट्टी मारली. घराघरातून माणसं हातात फ्यूज धरून आली. साहेबसुद्धा आले, लुंगीवर. परात पांढऱ्या फ्यूजनी भरली आणि गल्ली एकदम शांत झाली. मे महिना होता, ह्यांचा पंखाही बंद होता, मी वर्तमानपत्रानं वारा घालत होते. आणि मागच्या अंगणात आमच्या नळानं खोकल्यासारखा आवाज केला. धार आली. पंपाशिवाय आली. मी तिच्याखाली हात धरून उभी राहिले आणि चक्क रडले. त्या दिवशी ह्यांना आंघोळ घातली, मऊ चादर टाकली. ते कितीतरी वेळ डावा हात तिच्यावरून फिरवत राहिले.

शासनसंस्था अशी निर्माण झाली. पुढचं आपोआप होत गेलं. काका उन्हात बसतात म्हणून एका घरानं त्यांना चहा पाठवला. पुढच्या वेळी दुसऱ्यानं पाठवला. मग ती पाळीच ठरली, आणि पाळी चुकवणाऱ्याचा फ्यूज परातीत खाली जाऊन सापडेनासा होऊ लागला. नळ असताना गाड्या धुवायच्या नाहीत असा नियम निघाला, तो बरोबर होता. मग गल्लीत गोधड्या वाळत घालायच्या नाहीत असा निघाला. त्याचा पाण्याशी काय संबंध ते कुणी विचारलं नाही. काका बैठकीत आता सतरंजीवर न बसता खुर्चीवर बसू लागले, गुडघ्यांसाठी. साहेब त्यांना आधी नमस्कार करू लागले. या माणसानं आयुष्यात कुणाला आधी नमस्कार केला नसावा.

आणि मग आमची धार पुन्हा बारीक झाली. ड्रम अर्धा व्हायच्या आत फ्यूज परत न्यायची शिट्टी वाजू लागली. चादरी साठल्या, मी पुन्हा खाऱ्या पाण्यावर आले, आणि ह्यांच्या कमरेवर पैशाएवढा लाल डाग दिसला. मी इतकी घाबरले की हातातली चादर तशीच टाकून गल्लीत वर चालत गेले. सगळीकडे शांतता. काका खुर्चीवर, समोर परात, परातीत सगळ्यांचे फ्यूज, त्यांचाही. आणि त्यांच्या घरामागून ओळखीची घुंघुं.

त्यांच्याकडे इन्व्हर्टर होता. सगळ्या गल्लीनं फ्यूज मोजूनमापून जमा केले, आणि बॅटरीवर पंप चालू शकतो हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. निदान मला तसं वाटलं. काकांच्या वरच्या घरातल्या बाईंना हळूच सांगितलं तर त्या म्हणाल्या, "माईत हाय आमाले. थो बी उन्हात बसते न. येवढं तं चालतेच."

अर्थात चालतं. बाईंच्या नळाला धार होती.

घरी येऊन मी संतापून ह्यांच्या उशाशी बसले. बैठक बोलवावी, सगळ्यांसमोर विचारावं, खुर्चीवरून उतरवावं, असं सगळं मनात ठरवलं. मग पुढचा विचार केला. काकांना उतरवलं तर परात उठेल. परात उठली तर फ्यूज घरोघर जातील, पंप सुरू होतील आणि आमच्या नळाला पुन्हा बातमी येईल. अर्धा ड्रम का होईना, तो त्या लबाड माणसामुळेच मिळत होता. चार गुणांच्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

म्हणून मी बैठक बोलावली नाही. काकांकडे गेले आणि म्हटलं, तुम्ही आमच्यासाठी उन्हात तापता, बरं वाटत नाही. आमच्या फाटकापाशी कडुनिंबाची दाट सावली आहे, परात घेऊन तिथे बसत चला. चहा मीच करीन, दर वेळी. काका खुलले. खुर्ची पुढच्या वेळी आमच्या दारात आली, ह्यांच्या खिडकीखाली.

फ्यूज जमा झाले. शिट्टी झाली. नळ आले, थोडा वेळ बरे चालले, आणि मग धार सुतळीएवढी झाली. मी मागच्या नळाला रबरी नळी जोडून ड्रम मुद्दाम पुढच्या अंगणात आणून ठेवला होता, काकांच्या नजरेसमोर. त्यात पाणी पडत नव्हतं, ठिबकत होतं. शेजारी बादलीत चादरी होत्या आणि वास लपत नव्हता.

खिडकीतून ह्यांनी विचारलं, "आले?"

नळाच्या दिवशी ते एवढंच विचारत. एरवी मी उत्तर देई. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात चहासमोर उभी राहिले आणि गप्प बसले.

"आले?"

काकांनी माझी वाट पाहिली असावी. मग त्यांची खुर्ची करकरली. ते खिडकीकडे वळले असणार. खिडकीतून ह्यांचा पलंग दिसतो. कुशीवर केलं की पाठही दिसते, आणि त्या दिवशी मी त्यांना कुशीवर केलं होतं.

"आले?" तिसऱ्यांदा.

"येऊन राह्यले, भाऊ," काका म्हणाले, आणि उठले. परात तिथेच सोडून ते गल्लीत वर गेले. मी पडद्याआडून पाहिलं, चालताना ते कुणाकडे बघत नव्हते. थोड्या वेळानं नळानं खोकला काढला आणि धार भक्कन वाढली, ड्रमच्या तळावर ताशा वाजावा तशी.

काका परत आले, पण खुर्चीवर बसले नाहीत. खिडकीचा गज धरून आत वाकले आणि चांगल्या स्टँडवरच्या आवाजात म्हणाले, "आले, भाऊ. आले."

मी चहा बाहेर नेऊन दिला. त्या दिवशी शिट्टी वाजली ती ड्रम भरून वाहू लागल्यावर.