शी-आत्यांचं टेबल

जिला पोरांची किळस येते, अशा बाईने मुलांच्या संग्रहालयात उभा जन्म काढावा, हे जरा अतीच. शी-आत्यांनी तो काढला. शेंबडाने माखलेली शिट्टी दिसो, नाहीतर बाकाखाली चिकटवलेलं च्युइंगगम, त्यांच्या तोंडून आधी 'शी' निघायचं आणि मग हात पुढे व्हायचा. नाव पोरांनीच पाडलं होतं.

संग्रहालय सुरू झालं ते बंद पडलेल्या छापखान्याच्या दोन खोल्यांत. निवृत्त झालेल्या एका मुख्याध्यापिकेने, म्हणजे मोठ्या बाईंनी, घरोघरची जुनी कुलपं, घड्याळं, खेळणी गोळा केली आणि दारावर लिहिलं, 'हात लावा'. पोरांनी इतके मनापासून हात लावले की आठवडाभरात निम्म्या वस्तूंचा निकाल लागला. बाई रागावल्या नाहीत. वडिलांच्या दुकानात छत्र्या दुरुस्त करणाऱ्या आत्यांना बोलावून त्यांनी एक टेबल दिलं आणि नियम केला, की ज्याने मोडलं त्याने आत्यांशेजारी बसून जोडायचं, मगच घरी जायचं. बाहेर आईबाप ताटकळायचे आणि आत पोरगं हुंदके देत डिंक लावायचं.

"नाक पूस आधी. बाहीला नको, शी!"

वस्तू जोडल्या जायच्या त्या वेड्यावाकड्याच. पण पुढे तीच पोरं बाप्ये होऊन आपली पोरं घेऊन यायची आणि लाकडी हत्तीचा तिरका कान ऐटीत दाखवायची. दोन खोल्यांचा अख्खा मजला झाला तो या तिरक्या कानांमुळे. मोठ्या बाई गेल्या, काचेची नवी इमारत उभी राहिली आणि नवे संचालक आले. ते उठताबसता मुलांवरच्या प्रेमाबद्दल बोलायचे. आत्यांना तो गोडवा शेंबडाहून चिकट वाटायचा.

"आत्या, तुमचं टेबल मुख्य दालनात ठेवतोय," एक दिवस ते म्हणाले आणि त्यांनी खोक्यातून प्लास्टिकचा पक्षी काढला. पंख वेगळा होता. त्यांनी तो जवळ नेला, टक्‌ करून चिकटला. "लोहचुंबक. डिंक नाही, घाण नाही. तुम्हाला घाण आवडत नाही ना?"

"मोडला कुणी हा?"

"मोडूनच येतात कारखान्यातून."

आत्यांच्या तोंडून 'शी' निघालं, हात मात्र पुढे झाला नाही.

"आणि खरंच मोडला तर?"

"दुसरा द्यायचा. खोकी भरून आहेत."

"मग मी काय करू?"

"तुम्ही नुसत्या बसा हो. तुम्ही म्हणजे आपला इतिहास!"

तिथेच तोंडावर नाही म्हणायला हवं होतं. पण घरी भावजय होती, तिचा सकाळपासून बोंबलणारा टीव्ही होता आणि जोडायला काही नव्हतं. संचालकांनी दिलेला पांढराशुभ्र एप्रन आत्यांनी मुकाट बांधला.

उद्घाटनाच्या दिवशी पोरांची रांग लागली. टक्‌, टक्‌, की पोरगं पुढे. आपण काय जोडलं हे कुणी वळूनही बघेना. तेवढ्यात एका वेणीवाल्या पोरीने पक्ष्याची चोच ओढली आणि ती कडकन तुटली. पोरगी पांढरीफटक पडली. दोन्ही तुकडे तिने आत्यांपुढे धरले.

समोर संचालक फोटोवाल्याला घेऊन उभे होते. आत्यांचा हात खोक्याकडे गेला. त्यांनी नवा पक्षी टेबलावर ठेवला.

"हा घे. तो टाक कचऱ्यात."

"पण मी मोडलाय."

"असू दे."

"जोडायचा नाही?"

"इथे जोडत नाहीत."

पोरीने टेबलाकडे पाहिलं, एप्रनकडे पाहिलं. "मग तुम्ही इथे काय करता?"

"बसते," आत्या म्हणाल्या.

पोरीने दोन्ही तुकडे फ्रॉकच्या खिशात कोंबले. "मी घरी जोडीन," असं पुटपुटत ती आईच्या मागे निघून गेली. आत्यांनी नवा पक्षी पुढच्या पोरापुढे सरकवला. स्वतःची इतकी किळस त्यांना आजवर कधी आली नव्हती.