वसुधाताईंच्या पिशवीत हात घालताना

वसुधाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या इंदूरच्या आमच्या मिलच्या चाळीत घरोघर कचरा मागत होत्या. रिकामे डबे, चिंध्या, लाकडाचा भुसा. मिलला कुलूप लागून वर्ष झालेलं. मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे आता तेवढंच शिल्लक आहे, भरपूर न्या." त्या हसल्या नाहीत, पिशवी पुढे केली. मला अक्षर येत नाही. हे माझी नात लिहून घेते आहे. ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या पुस्तकात आजीचा लेख हवाच, हा तिचा हट्ट.

त्या कचऱ्यातून ताईंनी चाळीतल्या एका खोलीत बालवाडी उभी केली. वाळूची परात, खडे भरलेले डबे, आणि तोंड आवळलेली एक पिशवी. न पाहता हात घालायचा, मऊ की खरखरीत ते सांगायचं. बायका म्हणायच्या, "बच्चांना रोटी हवी, अन् ह्या मिट्टी देतात!" त्यांत मीच पुढे होते, कबूल करते.

सुरुवातीला ताई कणकेचे गोळेही खेळायला देत. एकदा एका मुलीनं आपला गोळा फ्रॉकमध्ये लपवला. ताईंनी विचारलं तर म्हणाली, "मम्मीला नेते. ती शेकून देईल." ताईंनी उरलेली सगळी कणीक मुकाट्यानं तिच्या घरी पोचवली. त्या दिवसापासून खाण्याच्या वस्तूंशी खेळ बंद. तांदूळ नाही, डाळ नाही. "माझं चुकलं," असं चार बायकांसमोर त्या म्हणाल्या. शिकलेल्या माणसांना हे सहसा जमत नाही.

आता माझ्या घरचं. माझा मुलगा मिलच्या सूतखात्यात होता. मिल बंद झाल्यावर दुसऱ्या वर्षी तो गेला. कसा, ते या पुस्तकात नको. त्याची मुलगी, हीच लिहिणारी, तेव्हा साडेतीन वर्षांची. "बाबा देपालपूरला कामाला गेलेत," असं आम्ही तिला सांगून ठेवलेलं. तिनं बोलणंच सोडलं. आठ महिने एक शब्द नाही.

पिशवीसाठी मऊ काहीतरी द्या, असं ताई म्हणाल्या. मुलगा ज्यानं यंत्र पुसायचा, तो सुताचा तेलकट पुंजका मी दिला. विचार केला नाही. बालवाडीत नातीनं पिशवीत हात घातला, पुंजका काढला, नाकाशी नेला आणि सोडेना. मुलं सगळं तोंडात घालतात, म्हणून ताई रोज संध्याकाळी प्रत्येक वस्तू साबणात धुवत. त्यांनी हात पुढे केला, तशी ही म्हणाली, "धुवू नका. बाबांचा वास जाईल."

ताई तिला घेऊन घरी आल्या. तिनं मला विचारलं, "बाबा कुठे?"

मी म्हटलं, "देपाल..."

ताईंनी माझा हात धरला. "आजी, आता पुरे."

मग ताईच तिच्यासमोर खाली बसल्या. "बाबा वारले, बेटा. आता येणार नाहीत."

तिनं तीनदा विचारलं. तीनदा त्यांनी तेच सांगितलं, तितक्याच हळू आवाजात. मग ती रडली, आणि ताई अंधार पडेपर्यंत उठल्या नाहीत.

ताई, साठीला शंभर वर्षांचं आयुष्य मागायची रीत असेल. मी तुमच्या गुडघ्यांकडे बघून बोलते. औषध वेळेवर घ्या, जिने कमी चढा. ही उद्या शिकायला बाहेरगावी जाईल. माझं काही झालं, तर घरचे हिला फोनवर "आजीची तब्येत जरा बरी नाही" एवढंच सांगतील. आमच्याकडे तसंच करतात. तेव्हा खरं तुम्हीच सांगायचं. म्हणून माझ्यानंतरही पुष्कळ वर्षं जगा, धडधाकट.